मुखपृष्ठावर हुकूमशहा : ‘टाइम’ने निवडलं म्हणजे गौरवलं का?

दर डिसेंबरात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र फिरत फिरत येतं. लाल चौकट, वर ‘टाइम’ची ठळक अक्षरं, मधोमध हिटलरचा चेहरा आणि खाली मजकूर : ‘या मासिकाने हिटलरला जगातला सर्वश्रेष्ठ माणूस ठरवलं होतं. यांच्या पुरस्कारांना काय किंमत द्यायची?’ गेल्या वेळी ते आलं तेव्हा माझ्या भाचीने ग्रुपवर काही न लिहिता मला वेगळा मेसेज केला. ‘मावशी, हे खरं असेल तर भयंकर आहे. खोटं असेल तर तसं लिहू का ग्रुपवर?’

तिला मी लिहिलं की ‘टाइम’चा ‘मॅन ऑफ द इयर’, म्हणजे वर्षाचा माणूस, म्हणून हिटलरची निवड झाली होती हे खरं, ‘सर्वश्रेष्ठ’ हा शब्द खोटा, आणि तू पाहिलेलं चित्र दुसऱ्याच कुठल्या अंकाचं आहे. एवढ्याने तिचं समाधान झालं नाही, आणि होऊही नये. कारण तिचा पुढचा प्रश्न जास्त अवघड होता : ‘सन्मान नव्हता, तर मग पहिल्या पानावर कशाला छापायचं?’

हाच प्रश्न १९८० च्या जानेवारीत अमेरिकेतल्या वाचकांनी इराणचे क्रांतिनेते खोमेनी यांच्या निवडीवरून विचारला होता, आणि २००७ च्या डिसेंबरात रशियाच्या पुतिन यांच्या निवडीवरून पुन्हा विचारला गेला. त्याचं उत्तर नीट द्यायचं तर थोडं मागे जायला हवं.

एका चुकलेल्या बातमीपासून सुरुवात

‘टाइम’ हे अमेरिकी साप्ताहिक १९२३ मध्ये हेन्री ल्यूस आणि ब्रिटन हॅडन या दोन तरुणांनी सुरू केलं. १९२७ च्या मे महिन्यात चार्ल्स लिंडबर्ग हा वैमानिक न्यूयॉर्कहून एकटा उडाला आणि साधारण साडेतेहेतीस तासांनी पॅरिसला उतरला. त्या वर्षातली ती सगळ्यांत गाजलेली बातमी, पण ‘टाइम’ने तेव्हा त्याला मुखपृष्ठावर घेतलंच नव्हतं. वर्ष संपत आलं. नाताळच्या सुट्टीत बातम्यांचा दुष्काळ असतो. संपादकांना वाटलं, वर्षभरात सर्वाधिक गाजलेला माणूस म्हणून लिंडबर्गला आता घेऊ, म्हणजे राहिलेली चूकही भरून निघेल. २ जानेवारी १९२८ च्या अंकावर तो झळकला आणि ‘मॅन ऑफ द इयर’ची प्रथा पडली. १९९९ पासून तिचं नाव ‘पर्सन ऑफ द इयर’ झालं.

पहिलाच माणूस सर्वांचा लाडका वीर निघाला. लोकांच्या मनात ‘मुखपृष्ठ म्हणजे कौतुक’ हे समीकरण बसलं त्याची सुरुवात मला तिथेच दिसते.

यात परीक्षक मंडळ नाही, मानपत्र नाही, रोख रक्कम नाही. संपादक बसून ठरवतात. निकष एकच, आणि तो साप्ताहिकाने वेळोवेळी सांगितला आहे : त्या वर्षीच्या घडामोडींवर, बऱ्या किंवा वाईट अर्थाने, सर्वांत जास्त परिणाम कोणी केला? माणूसच हवा असंही नाही. १९८२ साली संगणकाची निवड झाली, १९८८ साली धोक्यात आलेल्या पृथ्वीची.

पुराची खूण आणि शाल-श्रीफळ

सांगलीत कृष्णेचं पाणी किती फुटांवर आहे ते आयर्विन पुलापाशी मोजतात. पावसाळ्यात सगळं गाव त्या आकड्याकडे डोळे लावून असतं. २०१९ च्या पुरानंतर कित्येक घरांच्या, दुकानांच्या भिंतींवर लोकांनी रंगाने रेघ ओढून ठेवली : पाणी इथवर आलं होतं. एरवी आपण नदीची ओटी भरतो, तिला माय म्हणतो. पण ती रेघ कोणी भक्तीने ओढलेली नसते. ती पुढच्या वेळी सामान किती उंचीवर ठेवायचं ते कळावं म्हणून असते.

‘टाइम’चं म्हणणं असं की आमची निवड म्हणजे ही रेघ आहे. या वर्षी जगात पाणी इथवर चढलं, ते या माणसामुळे.

दुसरीकडे शाल-श्रीफळ. गावात कोणाचा सत्कार होतो तेव्हा त्याला व्यासपीठावर बोलावतात, खांद्यावर शाल घालतात, हातात नारळ देतात, चार चांगले शब्द बोलतात. तिथे ‘बऱ्या किंवा वाईट अर्थाने’ असा पर्याय नसतो. नोबेल शांतता पुरस्कार हा या जातीचा. तो चांगल्या कामासाठीच द्यायचा, असं आल्फ्रेड नोबेलच्या मृत्युपत्रातच आहे. म्हणून १९७३ साली हेन्री किसिंजर आणि व्हिएतनामचे ले डक थो यांना तो जाहीर झाला तेव्हा थो यांनी नाकारला आणि निवड समितीच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. तिथे ‘आम्ही फक्त नोंद केली’ असं म्हणायची सोयच नव्हती.

रेघ आणि शाल यांत गल्लत करू नका, एवढं सांगून हा लेख इथे संपवता आला असता. संपवत नाही, कारण गल्लत फक्त वाचकांची नसते.

हिटलरचं ते मुखपृष्ठ खरं कसं होतं

१९३८ हे वर्ष आठवा. मार्चमध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. सप्टेंबरअखेर म्युनिकमध्ये ब्रिटन आणि फ्रान्सने चेकोस्लोव्हाकियाचा सुडेटन प्रदेश त्याच्या हवाली केला. नोव्हेंबरात एका रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकानं फोडली, प्रार्थनास्थळं जाळली. त्या वर्षी जगावर सर्वांत जास्त परिणाम कोणाचा झाला, याचं दुसरं उत्तर देणं अप्रामाणिक ठरलं असतं.

पण २ जानेवारी १९३९ च्या अंकावर हिटलरचं व्यक्तिचित्र नव्हतं. चित्र काढलं होतं रुडॉल्फ फॉन रिपर या ऑस्ट्रियन चित्रकाराने. नाझींच्या छळछावणीतून सुटून तो अमेरिकेत आला होता. चित्रात एक प्रचंड ऑर्गन आहे, चर्चमध्ये असतो तसा. त्याच्यासमोर बसलेली हिटलरची आकृती अगदी लहान. वर एक मोठं चाक, आणि त्याला लटकलेली माणसं, मेलेली. बाजूला हे सगळं निवांत पाहणारे नाझी अधिकारी. चित्राखालच्या ओळीचा अर्थ : ‘अपवित्र वादकाच्या हातून द्वेषाचं स्तोत्र.’

आतल्या लेखात हिटलरला लोकशाही जगासमोरचा सर्वांत मोठा धोका म्हटलं होतं. ज्यूंचा छळ, त्यांच्या घरादारांची लूट, त्यांना रस्त्यांवरून हुसकावणं, हे सगळं त्यात होतं. शेवटी असा इशारा होता की १९३८ चा हा माणूस १९३९ हे वर्षही लक्षात राहील असं करण्याची दाट शक्यता आहे. आठ महिन्यांनी, १ सप्टेंबरला, जर्मन सैन्य पोलंडमध्ये घुसलं.

भाचीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, ‘म्हणजे हे चित्र फॉरवर्ड केलं असतं तर कोणालाच सन्मान वाटला नसता.’ अगदी खरं. म्हणून तर ते फॉरवर्ड होत नाही. फिरतं ते हिटलरचा चेहरा असलेलं दुसऱ्या कुठल्या अंकाचं मुखपृष्ठ. त्याच्यावर ‘टाइम’ने अनेकदा मुखपृष्ठं केली. ७ मे १९४५ च्या अंकावर तर त्याच्या चेहऱ्यावर लाल रंगाची मोठी फुली आहे.

मला या संपूर्ण प्रकरणात फॉन रिपरचं चित्र सर्वांत महत्त्वाचं वाटतं. रेघ ओढायची आणि तिला कोणी शाल समजू नये, ही दोन्ही कामं त्या एका चित्राने केली. असं करता येतं, याचा पुरावा त्यांच्याच कपाटात होता. पुढच्या काळात तो विसरला गेला.

२००७ : पुतिन

१९ डिसेंबर २००७ रोजी ‘टाइम’ने रशियाचे तेव्हाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन यांची निवड जाहीर केली. का निवडलं, ते आधी त्यांच्या बाजूने पाहू.

सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडला. नंतरची दहा वर्षं सामान्य रशियन माणसासाठी हलाखीची होती. पगार महिनोन्महिने थकायचे. मोठमोठे सरकारी कारखाने मूठभर धनदांडग्यांच्या हातात गेले. ऑगस्ट १९९८ मध्ये सरकारने कर्जफेड थांबवली, रुबल कोसळला आणि लोकांची आयुष्यभराची बचत पाण्यात गेली. पुढच्या वर्षी पुतिन पंतप्रधान झाले आणि १९९९ च्या अखेरच्या दिवशी बोरिस येल्त्सिन यांनी सत्ता त्यांच्याकडे सोपवली. त्यानंतर तेलाचे भाव चढत गेले. पगार वेळेवर होऊ लागले, देशाची जुनी कर्जं फिटली. २००७ च्या फेब्रुवारीत म्युनिकच्या परिषदेत पुतिन यांनी अमेरिकेला उघड सुनावलं. मोडकळीला आलेला देश पुन्हा मोठ्या टेबलावर येऊन बसला होता. बातमीच्या निकषावर निवड चुकीची नव्हती.

आता दुसरी बाजू. २००१ मध्ये सरकारवर टीका करणारी ‘एनटीव्ही’ ही वाहिनी सरकारी कंपनीच्या ताब्यात गेली. २००३ मध्ये विरोधी पक्षांना पैसा पुरवणारे तेलसम्राट मिखाईल खोदोरकोव्स्की तुरुंगात गेले. २००४ मध्ये बेसलानच्या शाळेवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतर प्रांतांच्या राज्यपालांची थेट निवडणूकच बंद करण्याचा निर्णय झाला. ७ ऑक्टोबर २००६ रोजी, रशियाच्या चेचन्या प्रांतातल्या अत्याचारांवर सातत्याने लिहिणाऱ्या पत्रकार आना पोलित्कोव्स्काया यांना मॉस्कोत त्यांच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये गोळ्या घातल्या. पुढच्याच महिन्यात अलेक्सांदर लित्विनेंको हा रशियाच्या गुप्तहेर खात्याचा माजी अधिकारी लंडनमध्ये पोलोनियम या किरणोत्सारी विषाने मेला. आणि ‘टाइम’च्या घोषणेच्या महिनाभर आधी बुद्धिबळाचे माजी जगज्जेते गॅरी कास्पारोव्ह मोर्चा काढल्याबद्दल पाच दिवस कोठडीत होते.

ज्यांनी हे सगळं वर्षभर वाचलं होतं त्यांना डिसेंबरात अंकावर पुतिन यांचा थंड नजरेने थेट आपल्याकडे पाहणारा चेहरा दिसला. प्लेटन या छायाचित्रकाराने मॉस्कोबाहेरच्या सरकारी बंगल्यावर जाऊन काढलेला. आतल्या लेखात त्यांची तुलना ‘झार’शी, म्हणजे रशियाच्या जुन्या सम्राटांशी केली होती. अमेरिकेत निवडणुकीचे वारे होते. रिपब्लिकन नेते मिट रॉमनी यांना ही निवड किळसवाणी वाटली. जॉन मकेन म्हणाले, मी असतो तर इराकमधले अमेरिकी सेनापती डेव्हिड पेट्रेअस यांना निवडलं असतं. क्रेमलिनमधून, म्हणजे रशियन अध्यक्षांच्या कार्यालयातून, मात्र आनंदाची प्रतिक्रिया आली. रशियाला देशात आणि जगात स्थैर्य मिळवून देण्याच्या अध्यक्षांच्या कामाची ही पावती आहे, असा तिथला सूर होता.

संपादक रिचर्ड स्टेंगेल यांनी त्याच अंकात खुलासा केला होता : ही निवड सन्मान नाही, कधीच नव्हती, ती पाठिंबा नाही आणि लोकप्रियतेची स्पर्धाही नाही, जग जसं आहे तसं ते स्वच्छ नजरेने ओळखणं एवढाच तिचा अर्थ. पण त्याच लेखात स्टेंगेल यांनी असंही लिहिलं की स्वतंत्र देशांना प्रिय असलेल्या मूल्यांची मोठी किंमत मोजून का होईना, ज्या देशाला स्थैर्य फारसं ठाऊक नव्हतं तिथे ते आणण्याचं असामान्य नेतृत्व पुतिन यांनी दाखवलं.

‘असामान्य नेतृत्व’ हा शब्दप्रयोग रेघ ओढणाऱ्याचा नाही. तो व्यासपीठावरून बोलणाऱ्याचा आहे. पुराच्या पातळीची नोंद करताना नदीच्या पराक्रमाची तारीफ कोणी लिहीत नाही. म्हणून २००७ चे वाचक अडाणी होते, त्यांना निकष कळला नाही, हे म्हणणं मला पटत नाही. त्यांना कळलं होतं. ‘सन्मान नाही’ म्हणता म्हणता लेखणी कौतुकाकडे झुकलेली त्यांना दिसली होती.

आज मागे वळून पाहताना काय दिसतं? २००८ मध्ये जॉर्जियाशी युद्ध, २०१४ मध्ये युक्रेनच्या क्रायमियावर कब्जा, २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवर पूर्ण आक्रमण. हा माणूस जगाला हलवणार आहे हे ‘टाइम’ने अचूक ओळखलं. कशाने हलवणार आहे, ते ओळखण्यात चूक झाली. स्थैर्याचं जे श्रेय दिलं त्याचं पुढे काय झालं ते मारियुपोल या युक्रेनी शहरातल्या लोकांना विचारावं. २०२२ मध्ये याच ‘टाइम’ने युक्रेनचे अध्यक्ष वोलोदिमीर झेलेन्स्की आणि युक्रेनच्या लढाऊ वृत्तीची निवड केली.

‘पण खुलासा तर दिला होता!’

दिला होता, आतल्या पानांवर. मुखपृष्ठ पाहणारे हजार आणि आतला मजकूर वाचणारे दहा, हे वर्तमानपत्राच्या स्टॉलवर उभं राहिलेल्या कोणालाही माहीत असतं.

शिवाय चित्राची स्वतःची भाषा असते. आपल्याकडे चौकाचौकांतल्या फ्लेक्सनी ती प्रत्येकाला शिकवली आहे. फ्लेक्सवर मोठा चेहरा म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा, निवडीबद्दल अभिनंदन, नाहीतर भावपूर्ण श्रद्धांजली. फ्लेक्सवर कोणाचा मोठा चेहरा लावून खाली बारीक अक्षरांत ‘हे अभिनंदन नव्हे’ असं लिहिलं तर कोण वाचेल?

२०१३ मध्ये अमेरिकेत ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने बोस्टन मॅरेथॉनमधल्या बॉम्बस्फोटाचा आरोपी झोखार त्सार्नाएव्हचं छायाचित्र मुखपृष्ठावर छापलं. आत शोधपत्रकारितेचा गंभीर लेख होता, मुखपृष्ठावरच्या मजकुरात त्याला राक्षसही म्हटलं होतं. तरी अनेक दुकानसाखळ्यांनी अंक विकायला नकार दिला. विशेष म्हणजे तेच छायाचित्र त्याआधी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर आलं होतं आणि फारसं कोणी ओरडलं नव्हतं. कारण दैनिकाचं पहिलं पान बातमीचं असतं, आणि ‘रोलिंग स्टोन’च्या मुखपृष्ठावर एरवी गायक आणि वादक असतात. छायाचित्र तेच, जागा बदलली आणि अर्थ बदलला.

‘टाइम’लाही या अर्थाचा फायदा होतो, आणि हे स्पष्ट बोललं पाहिजे. वर्षाखेरीच्या निवडीची उत्सुकता अंकाला खप देते, चर्चा देते, महिनाभर आधीपासून बातम्या देते. हे सगळं मिळतं कारण लोक तिला मान समजतात. २०१७ मध्ये उघडकीला आलं की डोनाल्ड ट्रम्प यांच्या अनेक गोल्फ क्लबांत भिंतीवर १ मार्च २००९ या तारखेचं ‘टाइम’चं मुखपृष्ठ लावलं होतं, त्यांच्या छायाचित्रासह. असा अंक कधी निघालाच नव्हता. साप्ताहिकाने ते काढून टाकायला सांगितलं. खोटं बनवून भिंतीवर लावण्याइतकी ज्या गोष्टीला किंमत आहे, ती निव्वळ नोंद राहिलेली नसते. मानाचं वलय हवं असेल तर वाचकाच्या रागाला ‘तुमचा गैरसमज झाला’ असं उत्तर देता येणार नाही.

मग अशा माणसांना घेऊच नये का?

इथे मी रागावलेल्या वाचकांच्या बाजूपासून थोडी दूर जाते. कारण राग ऐकून माप बदललं तर काय होतं त्याचंही उदाहरण आहे.

१९७९ मध्ये आयातुल्ला खोमेनी चौदा वर्षांहून अधिक काळाच्या हद्दपारीनंतर इराणला परतले आणि शहाची, म्हणजे तिथल्या राजाची, राजवट गेली. ४ नोव्हेंबरला तेहरानमधल्या अमेरिकी वकिलातीत विद्यार्थी घुसले, कर्मचारी ओलीस धरले गेले. त्यातले ५२ जण पुढे ४४४ दिवस अडकून राहिले. ही कोंडी चालू असताना, अमेरिकी घरांत रोज रात्री तीच बातमी पाहिली जात असताना, ७ जानेवारी १९८० च्या अंकावर ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून खोमेनी आले. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला, वर्गणीदारांनी अंक बंद केले. निकषाप्रमाणे निवड निर्विवाद होती. जखम मात्र ओली होती, आणि ओलीसांच्या नातेवाइकांनी तो चेहरा पोस्टाच्या पेटीत पाहावा, यातली वेदना मला खोटी वाटत नाही.

त्यानंतर २००१ आलं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांत जवळजवळ तीन हजार माणसं मेली, अफगाणिस्तानात युद्ध सुरू झालं, विमानतळांपासून कायद्यांपर्यंत जग बदललं. स्वतःच्या निकषावर ‘टाइम’समोर ओसामा बिन लादेनचं नाव येणं अटळ होतं, आणि ते विचारात घेतलंही गेलं. निवडले गेले न्यूयॉर्कचे महापौर रुडी जुलियानी. बिन लादेन एवढं श्रेय देण्याइतका मोठा माणूस नाही, असा संपादकांचा युक्तिवाद होता. जुलियानी यांनी त्या दिवसांत शहराला धीर दिला हे खरंच. पण वर्ष कोणी घडवलं या प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं. अनेकांनी तेव्हाच म्हटलं की खोमेनींच्या वेळचा धडा आठवून साप्ताहिकाने माघार घेतली.

मला हे बरोबर वाटत नाही. रेघ ओढायची तर पाणी होतं तिथेच ओढायला हवी. घरच्यांना वाईट वाटतं म्हणून ती दोन हात खाली ओढली, तर पुढच्या पुरात सामान भिजणारच. बिन लादेनला कसं दाखवायचं हा प्रश्न होता आणि फॉन रिपरच्या चित्राने त्याचं उत्तर ६२ वर्षांपूर्वी दिलं होतं.

सगळेच निर्दोष नोंद करत नाहीत

काही वेळा मासिक खरोखरच शाल घालत असतं, आणि तेव्हा वाचकांचा राग पूर्ण योग्य असतो. २०११ च्या मार्चमध्ये ‘व्होग’ या फॅशन मासिकात सीरियाचे तेव्हाचे अध्यक्ष बशर अल-असद यांच्या पत्नी अस्मा यांच्यावर लेख आला. वाळवंटातलं गुलाब अशी उपमा, पेहराव, घरातलं मोकळं वातावरण. त्याच महिन्यात सीरियात निदर्शनं सुरू झाली आणि असद सरकारने लोकांवर गोळ्या झाडल्या. टीका वाढत गेली तसा तो लेख संकेतस्थळावरून काढून टाकला गेला. तिथे निकषाची ढाल नव्हती. तिथे नुसतं कौतुक होतं.

म्हणून ‘वादग्रस्त नेता अंकावर आला’ एवढ्यावर मी मत बनवत नाही. चित्रात त्याने चिरडलेली माणसं कुठे दिसतात का, ते पाहते. फॉन रिपरच्या चाकावर ती दिसत होती. मग लेखात त्या माणसांना किती ओळी मिळाल्या ते पाहते.

‘लोकांनी मत देऊनही डावललं’

हा आपल्याकडचा नेहमीचा आक्षेप. ‘टाइम’ संकेतस्थळावर वाचकांचा कौल घेत आलं आहे. नरेंद्र मोदी यांनी तो २०१४ आणि २०१६ मध्ये जिंकला. संपादकांनी मात्र २०१४ मध्ये इबोलाच्या साथीशी लढणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांची आणि २०१६ मध्ये ट्रम्प यांची निवड केली. दोन्ही वेळा आपल्याकडे आधी ‘मोदी पर्सन ऑफ द इयर’ असे संदेश फिरले आणि मग अन्याय झाल्याचे.

अन्याय यात नव्हता. कौल वेगळा आणि निवड वेगळी, कौल संपादकांवर बंधनकारक नाही. तो नसावा हेही बरंच : २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या एका टोळक्याने मतदानयंत्रणेत घुसून उत्तर कोरियाच्या किम जोंग उन यांना कौलात पहिलं आणलं होतं.

आणि २०१९ च्या मे महिन्यात, ऐन निवडणुकीत, मोदींना देशात दुफळी पाडणारा नेता म्हणणारं ‘टाइम’चं मुखपृष्ठ आलं तेव्हा एका बाजूने ते मिरवलं, दुसरीने फाडलं. त्याच अंकात, आर्थिक सुधारणांसाठी भारताची सर्वांत मोठी आशा मोदीच आहेत असं सांगणारा दुसरा लेखही होता. भांडणाऱ्यांपैकी किती जणांनी तो उघडला असेल?

येरवड्याचा कैदी

‘वादग्रस्त’ हा शब्द मी इथवर सैलपणे वापरला. शेवटी तो तपासायला हवा, आणि त्यासाठी पुण्याला यावं लागेल.

१९३० सालचा ‘मॅन ऑफ द इयर’ म्हणून ‘टाइम’ने मोहनदास गांधींना निवडलं. ५ जानेवारी १९३१ चा अंक. तो अमेरिकेत लोकांच्या हाती पडला तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. दांडीला मीठ उचलल्यानंतर मे महिन्यात त्यांना अटक झाली होती, सुटका व्हायची होती २६ जानेवारीला. भारतीय व्यक्तीची ही एकमेव निवड. आपल्याला ती वाचून अभिमान वाटतो, आणि ‘तो सन्मान नव्हता, नुसती नोंद होती’ असं कोणी म्हटलं तर आपल्यालाही पटकन रुचत नाही. माझ्या भाचीलाही रुचलं नाही.

पण त्या वेळच्या साम्राज्याच्या नजरेने पाहा. सरकारचा कायदा मोडून कोठडीत असलेला माणूस, आणि त्याचं चित्र परदेशी साप्ताहिकाच्या पहिल्या पानावर. त्यानंतर दीड महिन्यात, फेब्रुवारी १९३१ मध्ये, गांधीजी व्हाइसरॉय आयर्विन यांच्याशी बोलणी करायला राजप्रासादाच्या पायऱ्या चढतात याचीच विन्स्टन चर्चिल यांना शिसारी आली आणि त्यांनी गांधीजींना राजद्रोही वकील, अर्धनग्न फकीर म्हटलं. सांगलीच्या ज्या पुलापाशी पाणी मोजतात त्याला नाव याच आयर्विनचं.

दहा वर्षांनी, १९४० साठी, ‘टाइम’ने चर्चिलची निवड केली. लंडनवर बॉम्ब पडत होते आणि हिटलरसमोर ते जवळजवळ एकटे उभे होते. १९४९ च्या अखेरीला त्यांना अर्ध्या शतकाचा माणूस म्हटलं गेलं. त्याच्या जेमतेम सहा वर्षं आधी बंगालमध्ये लाखो माणसं भुकेने मेली होती आणि चर्चिल यांचं मंत्रिमंडळ पुरेसं धान्य पाठवायला तयार नव्हतं. ब्रिटिश घरात ते मुखपृष्ठ कौतुकाने जपलं गेलं असेल. कोलकात्यात ते कोणी कसं पाहिलं असेल याचा विचार करताना मला १९८० मधल्या ओलीसांच्या नातेवाइकांची आठवण होते.

भाचीने शेवटी ग्रुपवर काय लिहिलं ते सांगते. तिने वाद घातला नाही. फॉन रिपरचं चित्र शोधलं, टाकलं आणि खाली लिहिलं, ‘हे ते खरं मुखपृष्ठ. चाकावर कोण आहे ते झूम करून बघा.’